पडीक, बंजर, मवात

सातवीच्या वर्गात 'पडीक' शब्दाला उर्दू प्रतिशब्द विचारला. बहुतेकांनी 'बंजर' सांगितलं. कोळसाखाणीजवळच्या गावातून येणारा एक मुलगा मात्र म्हणाला, "सर, पडीक वावर पुन्हा पेरता येते. आमचं तर ओबीखाली गेलं. त्याला काय म्हणायचं?"

आमच्या चंद्रपूरकडे खाणीतून उपसलेल्या माती-दगडाच्या डोंगराला ओबी म्हणतात. खोदताना आधी काळी माती निघते, मग मुरूम आणि दगड. ती काळी माती वेगळी राखली नाही, तर ती ढिगाऱ्याच्या तळाशी जाते आणि दगड वर येतो. त्यावर झाड लावलं तरी मुळांना आधार मिळत नाही. राखलेली मातीही वर्षानुवर्षं उंच रचून ठेवली, तर तिच्यातले जिवाणू कमी होत जातात.

उपाय नाही, असं नाही. नागपूरच्या 'नीरी'तल्या शास्त्रज्ञांनी गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यातला प्रेसमड आणि जिवाणू खतं घालून झाडं वाढवून दाखवली. कोळसाखाणींना २००९ पासून खाणबंदीचा आराखडा करावा लागतो, त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसा ठेवावा लागतो. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं, की खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत-चारा उगवेल अशी ती करून द्यावी, ही अट खाणपट्ट्यातच घाला.

मी त्या मुलाला आणखी एक शब्द दिला, 'मवात'. फिकहमध्ये मेलेल्या जमिनीला मवात म्हणतात आणि तिला जिवंत करण्याला 'इहया'. जो मेहनत करून ती जिवंत करतो, त्याचा तिच्यावर हक्क. नुसतं कुंपण घालून तीन वर्षं काहीच केलं नाही, तर हक्क उरत नाही, असा दंडक हजरत उमर (रजि.) यांच्या नावे सांगितला जातो.

मुलाने हे घरी सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी तो आजोबांचा प्रश्न घेऊन आला : "ओबीवर झाडं लावली, सभोवती तारही ठोकली. उद्या गवत आलं, तर आमची म्हैस चारू देतील काय?"

शाळेत जाताना तो हिरवा डोंगर पाहून मला बरं वाटायचं. आता आधी तारेकडे नजर जाते.