बॉयसीचा की ओहायोचा?

क्लीव्हलंड, ओहायो

चि. ओंकार यास,


तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. पहिल्या बोनसमधून लोक घड्याळ घेतात, तू खिशातला चाकू घेतोयस. घे. फक्त तुझ्या आईला सांगताना जरा बेतानं सांग. ती थेट रामपुरीवर जाईल आणि जाब मला विचारेल.

तू दोन नावांपर्यंत आला आहेस: क्रिस रीव्हचा सेबेन्झा ३१ आणि रिक हिंडररचा एक्सएम-१८. दोन्हींच्या मुठीत टायटॅनियम, दोन्ही अमेरिकेत बनणारे आणि चारशे डॉलरच्या आसपास किंवा पुढे जाणारे. एक तुझ्या बॉयसीत, आयडाहोत बनतो, दुसरा माझ्या ओहायोत. गाववाला म्हणून मी हिंडररची बाजू घ्यायला हवी. घेणार नाही.

आधी खटका बघ, कारण दोघांचा खटका एकाच घराण्यातला आहे आणि ते घराणं रीव्हचं. रीव्ह मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, टूल अँड डाय मेकर म्हणून तयार झालेला, म्हणजे आम्हा टूलरूमवाल्यांच्या जातीचा. १९८९मध्ये तो आयडाहोत आला. त्याच्या आधी अशा चाकूंत मुठीच्या आत एक वेगळी पातळ पट्टी असायची. पातं उघडलं की ती पात्याच्या मुळामागे सरकून अडसर व्हायची. रीव्हने ती पट्टीच काढून टाकली. मुठीच्या एका बाजूच्या जाड टायटॅनियमलाच लांब चीर दिली आणि तिचीच स्प्रिंग केली. पातं उघडलं की तो भाग आत सरकून पात्याच्या मुळाशी बसतो. मूठ जितकी घट्ट आवळशील तितका तुझ्याच बोटांनी अडसर पक्का होतो. आज जगभरचे कारखाने हा खटका वापरतात.

यात एक अडचण होती. टायटॅनियम कडक पोलादावर घासलं की चिकटतं आणि झिजतं. २०२०मध्ये आलेल्या ३१ या आवृत्तीत अडसराच्या टोकाशी सिरॅमिकची एक बारीक गोळी बसवली आहे. पोलादाला आता तीच भिडते, आणि चाकू मिटलेला असताना पात्याला धरूनही तीच ठेवते. एका गोळीकडून दोन कामं करून घेतलेली बघितली की मला आमचा जुना फोरमन आठवतो. त्याला एकाच कामाचा पार्ट दिसला की झोप यायची नाही.

हिंडररनेही या खटक्यात भर घातली. मिटताना घाईघाईत तो अडसर जास्त बाहेर ढकलला गेला तर स्प्रिंग ढिली पडते. हिंडररने तिथे एक चकती लावली, तिच्यापलीकडे अडसर जातच नाही. हा माणूस अग्निशमन दलात काम केलेला, आणि चाकूही त्याच कामाला साजेसा आहे: सुमारे ४ मिलिमीटर जाडीचं पातं, भरीव टोक, खडबडीत मूठ. साडेतीन इंची एक्सएम-१८चं वजन दीडशे ग्रॅमच्या वर जातं. अपघातात चेपलेल्या गाडीपाशी मला उभं केलंस तर मी हाच मागेन.

पण तू दिवसभर कापतोस काय? खोकी, पट्ट्या, डब्यातलं सफरचंद, आणि आईने पाठवलेलं फराळाचं पार्सल, ज्यावर तुझ्या बाबांनी चिकटपट्टीचे इतके थर चढवलेले असतात की आतला चिवडा पुढच्या दिवाळीपर्यंत टिकावा. जाड पात्याने सफरचंद कापून बघ. धार आत शिरते, अर्ध्यापर्यंत जाते, मग मागची जाडी पाचरीसारखी गरात घुसते आणि फोड कट्‌ आवाज करून फुटते. कापली जात नाही, फुटते. पुठ्ठ्यातही तेच: पहिले दोन इंच मजेत, मग हात जड. सेबेन्झाचं पातं दोन्ही बाजूंनी आत वळवून घासलेलं असतं, त्यामुळे धारेच्या मागे धातू कमी राहतो आणि पातं वाटेत अडत नाही. धार किती दिवस टिकते हे सगळे विचारतात, धारेच्या मागे किती जाडी आहे हे फार थोडे विचारतात. चाकू कापतो तो मुख्यतः त्या जाडीवर.

(या हिशेबाने वीस-पंचवीस डॉलरचा फ्रेंच ओपिनेल ८ नंबर या दोघांनाही सफरचंदावर हरवेल. हे खरं आहे, पण बोनसच्या आनंदात ऐकायला बरं वाटत नाही, म्हणून कंसात.)

पोलादावर तू दोन पानं लिहिली आहेस, त्याला मी दोन ओळी देतो. रीव्हने क्रुसिबल कंपनीच्या डिक बार्बरबरोबर एस३०व्ही घडवण्यात भाग घेतला, पुढे एस३५व्हीएन आलं, मग एस४५व्हीएन. २०२१मध्ये लॅरिन थॉमसचं मॅग्नाकट आलं, जे सहजासहजी गंजतही नाही आणि तडकतही नाही. यातलं कुठलंही तुझ्या खोक्यांना पुरून उरेल. मिळालं तर मॅग्नाकट घे, नाही मिळालं तर झुरू नकोस.

आता बिजागरी. माझा कौल इथेच पडला. सेबेन्झाच्या पिव्हटमध्ये एक नळी असते, तिची लांबी इतकी नेमकी घासलेली की स्क्रू शेवटपर्यंत आवळायचा आणि विसरून जायचं. पातं आवळलं जात नाही, डुलतही नाही. अ‍ॅलन की घेऊन चाकू पूर्ण उघड, फॉस्फर ब्राँझचे दोन वॉशर पुसून घे, ग्रीसचा मुगाएवढा थेंब लाव, परत जोड: चाल पहिल्यासारखी. टूलरूममध्ये आम्ही अशा फिटिंगसाठी दिवस घालवायचो आणि वर बोलणी खायचो. एक्सएम-१८मध्ये हिंडररने तीन पर्याय दिलेत: बेअरिंग लाव, ब्राँझचे वॉशर लाव किंवा प्लॅस्टिकचे. हौशी माणसाला ती पर्वणी आहे. पण स्क्रू नेमका किती फिरवायचा हे प्रत्येक वेळी हाताने शोधावं लागतं. पाव फेरा कमी, पाव फेरा जास्त. तू एकदा सायकलचं चाक खोलून आठवडाभर माझ्या गॅलरीत ठेवलं होतंस, म्हणून सांगतो.

उघडण्याची पद्धतही बघ. हिंडररच्या पात्याचा मुठीमागे आलेला कान बोटाने दाबला की पातं खाडकन बाहेर येतं. ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत तो आवाज झाला की चार माना वळतात, आणि आपल्या वर्णाच्या माणसाने चार माना उगाच वळवू नयेत असं माझं मत आहे. तुला पटणार नाही, तरी लिहून ठेवतो. सेबेन्झाला अंगठ्याने ढकलायचा खुंट असतो, चाकू सावकाश आणि मुकाट उघडतो.

कायद्याचं बघून घे. विमानात दोन्ही केबिनमध्ये चालत नाहीत, चेक-इन बॅगेत टाकायचे. लंडनला कामासाठी जाशील तेव्हा दोन्ही घरी ठेव. तिथे १९८८च्या कायद्याप्रमाणे तीन इंचांपर्यंतचा, न अडकणारा घडीचा चाकूच विनाकारण खिशात चालतो, आणि तुझे दोन्ही अडकणारे. शिकागोत मर्यादा अडीच इंच आहे. पुण्याला येताना शस्त्र कायद्यातल्या नऊ इंचांवर विसंबून राहू नकोस, कारण आपल्याकडे पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकू असतोच. घरात आंबे काप, खिशात घालून लक्ष्मी रोडला जाऊ नकोस.

तेव्हा माझं म्हणणं असं: सेबेन्झा ३१ घे, आणि मोठा नको, धाकटा घे. तीन इंचांचं पातं, जेमतेम ८५ ग्रॅम. मोठ्याचं वजन १३० ग्रॅमच्या वर आहे, आणि जड चाकू दोन महिन्यांत खिशातून ड्रॉवरमध्ये जातो. नक्षी, लाकडी जडकाम काही नको, साधी राखाडी मूठ. कारखाना तुझ्याच गावात आहे, त्याचा फायदा घे. उरलेल्या पैशांत धार लावायचा चांगला दगड घे आणि पहिली धार जायच्या आधी त्यावर हात बसव.

तुझा,
मामा