१० बाय १२ चे प्रेक्षागृह

डोंबिवलीतील आमचा दिवाणखाना १० फूट रुंद आणि १२ फूट लांब. त्यात होम थिएटर बसवायचे ठरले ते आईसाठी. ठाण्याला गडकरी रंगायतनात जाऊन नाटक पाहणे तिला आता झेपत नाही, आणि घरी ध्वनिचित्रफीत लावली तर तिची एकच तक्रार : "ऐकू येतं रे, पण शब्द लागत नाहीत." आवाज वाढवला की ती कानांवर हात ठेवी.

दुकानातून आलेल्या गृहस्थांनी पुस्तकांची कपाटे हलवायला सांगितली. आम्ही ती मुकाट्याने आतल्या खोलीत नेली. मग मोकळ्या खोलीत सहज टाळी वाजवली, तर समोरासमोरच्या भिंतींतून तिची थरथर बराच वेळ उमटत राहिली. गुळगुळीत भिंती, खाली लाद्या, खिडकीला काच. आवाज मुरणार कोठे? आईचे कोडे तेथे थोडे उलगडले. रेंगाळणारे स्वर पुढच्या व्यंजनांना झाकतात, आणि उतारवयात 'स', 'फ' यांसारखे उंच पट्टीतले ध्वनीच आधी निसटू लागतात. उरतो तो नुसता गलका.

१८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबाइन रात्री-अपरात्री एका सभागृहात खुर्च्यांवरच्या गाद्या आणून टाकत असे आणि नाद विरायला किती वेळ लागतो ते मोजत असे. भरताने तर नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायातच मध्यम आकाराचे, वारा न शिरणारे प्रेक्षागृह पसंत केले, कारण फार मोठ्या जागेत शब्द अस्पष्ट होतो. हा अध्याय आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवला. (परीक्षेत त्यावर हमखास टीप असे.) स्वतःच्या घराला तो कधी लावून पाहिला नव्हता.

कपाटे परत आणून मागच्या भिंतीला लावली. पुस्तकांच्या उंचसखल कडांनी आवाज विखुरतो. खाली सतरंजी अंथरली. भिंतीलगत खर्ज साचतो, म्हणून आईची खुर्ची अडीच फूट पुढे घेतली. संवादांचा स्पीकर तिच्या कानाच्या उंचीवर आणला. जाड पडद्याने मात्र लोकलचा खडखडाट थांबला नाही. पडदा खोलीतला नाद शोषतो, बाहेरचा अडवत नाही. त्याला वजनदार काच आणि बुजवलेल्या फटी लागतात. तो खर्च तूर्त बाजूला ठेवला आहे.

परवा आईने एक प्रवेश मध्येच थांबवायला लावला. नटाने एक वाक्य गाळले, असे तिचे म्हणणे. आम्ही मागच्या कपाटातून संहिता काढून पाहिली. तिचे बरोबर होते.