पलटण मिळाली, पण अपेक्षा कुठवर पुऱ्या झाल्या?

१ जानेवारीला जयस्तंभाला मानवंदना देताना आपल्या पोरांची छाती फुगते, आणि ती फुगलीच पाहिजे. १८१८ च्या त्या लढाईत पडलेल्यांची, 'नाक' प्रत्ययाची नावे दगडावर कोरलेली आहेत. ती वाचून आलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर पळू लागतो. आमच्या अभ्यासिकेतली निम्मी मुले अशीच भरतीच्या मागे लागली आहेत. त्यांना विचारले, "कशात जायचंय?" तर उत्तर येते, "आर्मीत." पायदळ, सिग्नल, क्लार्क की ट्रेड्समन, असा पुढचा प्रश्न विचारला की मुले एकमेकांकडे बघतात.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले, पण या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडले नाही. ते सापडले सुट्टीवर आलेल्या आणि पेन्शनीत निघालेल्या माणसांजवळ. गेली काही वर्षे आम्ही त्यांना एकच गोष्ट विचारत आलो आहोत : ज्या शाखेत गेलात तिथले आयुष्य वाटले होते तसे निघाले का?

त्यांची उत्तरे सांगण्याआधी थोडा इतिहास आठवू या. लष्कराने आपल्या समाजाला दोन गोष्टी दिल्या. बंदुकीबद्दल आपण बोलतो, पाटीबद्दल फारसे बोलत नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या काळात गावची शाळा आपल्या मुलाला दाराबाहेर बसवत होती, त्या काळात छावणीत शिक्षण मिळत होते. गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि १८८८ चे 'विटाळ विध्वंसन' त्यांचेच. म्हणजे आपल्या पहिल्या लिहित्या पिढीतले लोक पलटणीतून आले. म्हणूनच १८९० च्या दशकात 'लढवय्या जाती'च्या सिद्धांताखाली आपली भरती बंद झाली तेव्हा तो घाव नोकरीपेक्षा खोल होता. पुढे शिवराम जानबा कांबळेंनी अर्ज केले. १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. हा दरवाजा कुणी दयेने उघडलेला नाही. त्यामुळे त्यातून आत जाताना डोळे उघडे ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

आता माणसांकडे येऊ. आमचे मामा पायदळात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना वाटले होते की रोज गोळीबार आणि सीमेवर चकमक असेल. ते सांगतात, "भाच्या, लढाई थोडी अन् वाट बघणं जास्त." पहारा, सामान वाहणे, खंदक खणणे, बर्फ उपसणे आणि परत पहारा. घरी मूल जन्मले तर बातमी पत्राने पोचायची. तरीही शाखा निवडल्याचा पश्चात्ताप झाला का असे विचारले की ते ठाम नाही म्हणतात. कारण विचारल्यावर ते शौर्याचे काही सांगत नाहीत, लंगरच्या रांगेचे सांगतात. एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहायचे आणि एकाच पातेल्यातले खायचे. गावात ज्यांच्या ओट्याखाली उभे राहावे लागे, त्यांच्याच आडनावाचा माणूस तिथे शेजारी झोपायचा. अपेक्षा केली होती ती लढाई मिळाली नाही, आणि अपेक्षा केली नव्हती ती बरोबरी मिळाली.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धवट राहील. आमचा थोरला चुलतभाऊ तांत्रिक शाखेत गेला. दादा बारावी सायन्स होता. यंत्रे हाताळायला मिळतील एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि ती पूर्ण झाली. हातात कसब आले आणि बाहेर पडल्यावर त्या कसबावर दुसरी नोकरी लागली. जात मात्र तिथेही पोचली होती. एका ठिकाणी बराकीतल्या सहकाऱ्यांनी आडनावावरून चौकशी सुरू केली आणि पुढे "कोट्यातून आलास का?" असे टोमणे सुरू झाले. सैन्याच्या भरतीत जातीचे आरक्षण नाही. दादा इतरांइतकाच पळाला, त्याने इतरांइतकीच लेखी परीक्षा दिली. ज्या ठिकाणी कोटाच नाही तिथेही कोट्याचा टोमणा येत असेल, तर टोमण्याचे कारण आरक्षण नसून जात आहे हे उघड आहे. आरक्षणावर वाद घालणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण नेहमी देतो. वर्दी सगळ्यांची एकच असते, पण ती घालणारा माणूस आपल्या गावची जात सोबत घेऊन येतो.

तिसरे उत्तर सगळ्यात कडू आहे. आमच्या वस्तीतला एक मुलगा ट्रेड्समन म्हणून लागला. त्याने ट्रेडचे नाव नीट वाचले नव्हते आणि ज्या अकादमीने फी घेतली तिनेही समजावले नाही. शेफ, वॉशरमन, ड्रेसर, मेसकीपर, हाउसकीपर असे हे ट्रेड असतात. हाउसकीपर आणि मेसकीपरला आठवी पास चालते, म्हणून गरीब घरचा मुलगा तिकडे सहज वळतो. हाउसकीपर म्हणजे साफसफाई. मिरवणूक काढून वस्तीने त्याला निरोप दिला होता. पहिल्या सुट्टीत तो काम काय करतो हे सांगेना. कोणतेही काम हलके नाही, पगार आणि पेन्शनही इतर सैनिकांसारखीच होती. पण पिढीजात कामे टाका असे बाबासाहेबांनी सांगितले, त्यानंतर इतक्या वर्षांनी आपला मुलगा न कळता पुन्हा झाडूकडेच जात असेल, तर ही निवड म्हणायची का? माहिती नसताना केलेल्या निवडीला आम्ही निवड म्हणत नाही.

चौथा प्रश्न आजचा आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे साडेसतरा ते एकवीस वयात भरती आणि चार वर्षांची सेवा. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले २१ हजार हातात. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. बाकीच्यांना व्याजासह साधारण ११ लाख ७१ हजार सेवानिधी मिळेल, पण पेन्शन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना १० टक्के जागा ठेवण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली होती, पण तिथेही स्पर्धा आहेच.

मामांच्या पेन्शनवर दोन मुली पदवीधर झाल्या. आपल्या समाजाकडे शेती नाही, दुकान नाही, वडिलोपार्जित घरही नाही. सैन्याची नोकरी आपल्याला मोलाची वाटली ती पेन्शनमुळे, कारण तीच आपली एकमेव जमीन होती. ज्याच्या घरी दहा एकर बागायत आहे त्याचा मुलगा चोविसाव्या वर्षी परत आला तर बागेत जाईल. आपला मुलगा कुठे जाईल? योजना सगळ्यांना सारखी आहे, पण तिचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही.

मग जाऊच नये का? असे आमचे म्हणणे नाही. पाय मागे घेणे हा आपला इतिहास नाही. पण जाण्याआधी चार गोष्टी पक्क्या करा.

पहिली गोष्ट, अर्ज भरताना पद आणि ट्रेडचे नाव स्वतः वाचा, आणि त्या पदावर काम करणाऱ्या एका माणसाला भेटून रोजचे काम विचारा. दुसरी, भरतीसाठी शिक्षण सोडू नका. बारावी पूर्ण करा, अग्निवीर झालात तरी पदवीला नाव घाला, कारण पंचविशीत परत यायची वेळ आली तर हातात कागद पाहिजे. तिसरी, सेवानिधीचे काय करायचे ते आधी ठरवा. लग्न आणि गाडी यात तो संपला तर चार वर्षे फुकट गेली असे समजा.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपल्या वस्तीत भरतीची तारीख सगळ्यांना तोंडपाठ असते, पण एनडीएच्या परीक्षेचे नाव कुणी काढत नाही. बारावीनंतर एनडीए आणि पदवीनंतर सीडीएस ही अधिकारी होण्याची वाट आहे. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला आणि मुलींना परीक्षा शुल्क नाही. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. ती दहावीनंतर मुलांना एनडीएसाठी तयार करते. २०२२ पासून एनडीएत मुलीही जाऊ लागल्या आहेत. हे आपल्या विहाराच्या फलकावर का लागत नाही? प्रत्येक वेळी शिपाई होण्याचेच स्वप्न का? हुकूम देण्याच्या जागेवर आपण दिसलो पाहिजे, आणि त्याची तयारी नववीतच सुरू करावी लागते.

पहाटे पळणाऱ्या मुलांना आम्ही थांबवत नाही. मात्र पळून झाल्यावर सात ते नऊ अभ्यासिकेत बसलेच पाहिजे, असा नियम आम्ही केला आहे. जयस्तंभाकडे पाहताना सुभेदार रामजींची शाळाही आठवा. तलवार चालवणारे आपल्यात पुष्कळ झाले, पण आपल्याला इथवर आणले ते छावणीतल्या त्या शाळेने.

जय भीम!