अण्णा, त्याला जमतं म्हणूनच

कार्डिफ,
८ मार्च

ती. अण्णांस,


व्हिसा आला, तिकिटं झाली, हे कळलं आणि बरं वाटलं. मे महिन्यात इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे तुमचं संध्याकाळचं फिरणं चुकणार नाही. रोथ पार्कचं तळं घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. प्रवासाचं बाकी सगळं शेवटी लिहिते. आधी ज्यासाठी फोन न करता पत्र लिहायला बसले, ते. व्हिडिओवर बोलताना माझा धाकटा मुलगा कान टवकारून शेजारीच असतो. त्याच्यादेखत हा विषय काढता येत नाही. का, तेही पुढे येईल.

मागच्या रविवारी तुम्ही त्याला म्हणालात, "अरे, मान जरा स्थिर ठेव की." त्याने ठेवली, चांगली पाच मिनिटं ठेवली. लगेच तुम्ही मला म्हणालात, "बघ, मनावर घेतलं तर जमतं त्याला." हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. जमतं हे खरंच आहे, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

निदान टूरेट सिंड्रोमचं झालं आहे, हे तुम्हाला माहीत आहे. अचानक आणि पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा निघणारा आवाज म्हणजे टिक. हालचालींच्या एकाहून जास्त टिक्स, आवाजाची निदान एक, वर्षभराहून जास्त काळ आणि अठराच्या आत सुरू झालेल्या, एवढं जुळलं की टूरेट म्हणतात. रक्त तपासून ते कळत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. सहाव्या वर्षी तो डोळे मिचकावायला लागला, तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर झाले. मग खाकरायला लागला, तेव्हा अ‍ॅलर्जी झाली. नंतर मानेचा झटका आला. अशा बहुतेक घरांत हाच क्रम असतो, कारण टिक्स जागा बदलतात, महिनाभर गायब होतात आणि नवं रूप घेऊन परततात. सध्या एक वेल्श शब्द त्याच्या तोंडात बसला आहे. इथल्या रस्त्यांवर पांढऱ्या रंगात "अराव", म्हणजे "सावकाश", असं लिहिलेलं असतं. तो शब्द दिवसातून किती वेळा निघतो ते विचारू नका. सांगलीचे शेजारी त्याला कोणा आरवला हाक मारतोय असंच समजतील.

शाळकरी वयाच्या साधारण शंभर मुलांत एकाला हे असतं. मुलग्यांत मुलींपेक्षा तीन-चार पट जास्त. बहुधा पाच ते सात वर्षांच्या दरम्यान सुरू होतं, दहा-बाराच्या सुमारास सगळ्यांत जोरात असतं आणि पुष्कळांचं विशीच्या आसपास बरंच ओसरतं. आपला दहाचा आहे, म्हणजे तुम्ही दोघं ऐन भरात येताय.

आता त्या पाच मिनिटांकडे वळते. टिकच्या आधी काहीतरी येतं. तो सांगतो, मानेत काहीतरी भरत जातं आणि झटका दिला की मोकळं होतं. ते भरत येणं त्याच्या हातात नाही. झटका थोडा वेळ अडवून धरणं मात्र हातात आहे. अडवला तरी भरणं थांबत नाही. तुम्ही त्या वेळी त्याला सतराचा पाढा विचारत होतात. त्याला तो झोपेतही येतो. त्या दिवशी सतरा चोकला अडला. तुम्हाला वाटलं सराव सुटला. अण्णा, त्याचं निम्मं डोकं मान धरून ठेवण्यात गुंतलं होतं. हाच खेळ शाळेत सकाळी नऊपासून साडेतीनपर्यंत चालतो. बाई फळ्यावर अपूर्णांक समजावत असतात आणि हा आपल्या मानेशी झुंजत असतो. वरून दिसतं काय, तर शांत बसलेला मुलगा. घरी आला की पुढचा अर्धा तास मान, डोळे, आवाज सगळं सुरू होतं. दाबल्यामुळे टिक्स दुप्पट होऊन उसळतात असं इथले पालक छातीठोकपणे सांगतात. संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत तसं काही दिसलेलं नाही. पण तो दमतो, एवढं मी रोज पाहते, आणि मला तेवढं पुरे आहे.

तुमच्या काचेच्या कपाटातलं बॉस्वेलने लिहिलेलं जॉन्सनचं चरित्र काढा. डॉ. जॉन्सन तुम्ही आयुष्यभर शिकवलात, तेव्हा मी काय सांगणार! डोकं एका खांद्याकडे कलवून हलवत राहणं, तोंडाने कोंबडीसारखे आवाज काढणं, दारातून जाताना ठरलेल्या पावलाचा हट्ट, सगळं त्यात आहे. १७३५ साली सोलिहलच्या शाळेने त्याला मुख्याध्यापकाची जागा नाकारली. त्याच्या स्वभावाबद्दल तक्रार होतीच, शिवाय हा तोंड वेडंवाकडं करतो, मुलांवर परिणाम होईल, अशी भीती होती. त्याचा तो नाइलाज आहे, हेही त्यांनी त्याच पत्रात मान्य केलं होतं. हे मान्य करूनही जागा दिली नाही. पुढे कादंबरीकार रिचर्डसनच्या घरी चित्रकार हॉगार्थने खिडकीशी डोकं हलवत उभा असलेला एक माणूस पाहिला आणि हा कोणी वेडसर, आश्रयाला ठेवलेला असावा असं समजला. तो माणूस, म्हणजे जॉन्सन, राजाविरुद्ध बोलायला लागला तेव्हा हॉगार्थ थक्क झाला.

मला त्यात सगळ्यात जास्त रेनॉल्ड्सचं म्हणणं खुपतं. जवळचा मित्र, धंदा माणसं निरखण्याचा. १७६९ च्या चित्रात त्याने जॉन्सनचे हवेत आखडलेले हात जसेच्या तसे काढले आहेत. तोच रेनॉल्ड्स म्हणतो, याला झटके म्हणू नका. बस म्हटलं तर हा इतर कुणाहीइतका निश्चल बसतो, तेव्हा ही स्वतःला लावून घेतलेली सवय आहे. तुमचंच वाक्य, अडीचशे वर्षांपूर्वीचं! त्याने पाहिलं ते अचूक होतं, अर्थ लावला तो चुकीचा. जॉन्सनलाही स्वतःबद्दल हेच वाटत असावं. एका लहान मुलीने विचारलं, तुम्ही असं का करता, तर म्हणाला, वाईट सवय, आणि तूही जप. १९७९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मरे नावाच्या डॉक्टरांनी या सगळ्या नोंदी एकत्र करून हा टूरेटच असावा असं मांडलं. ज्याने १७५५ मध्ये अख्ख्या भाषेचा कोश करून दिला, त्यालासुद्धा स्वतःच्या या हालचालींना दोषाखेरीज दुसरं नाव सापडलं नव्हतं.

पॅरिसच्या जॉर्ज जिल द ला टूरेटने १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं आणि त्याच्या गुरूने, शार्कोने, आजाराला त्याचं नाव दिलं. इथवर ठीक. मग मनोविश्लेषणवाले आले. यात कार्डिफचाही एक धागा आहे, फारसा मिरवण्यासारखा नाही. फ्रॉइडचा चरित्रकार अर्नेस्ट जोन्स स्वान्सीजवळच्या गोवर्टनचा. लंडनला जाण्याआधी तो इथल्या महाविद्यालयात शिकला. १९१३ मध्ये बुडापेस्टला जाऊन त्याने सांडोर फेरेन्त्सीकडून स्वतःचं मनोविश्लेषण करून घेतलं. याच फेरेन्त्सीने १९२१ मध्ये टिक्सवर लेख लिहून त्या दडपलेल्या कामवासनेचं रूप ठरवल्या. बापाला पत्रात लिहायचा विषय नव्हे, पण तुम्हीच आम्हाला काहीही वाचू दिलंत. पुढची कित्येक वर्षं अशा मुलांच्या आयांनी काय काय ऐकून घेतलं असेल! १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्थर आणि इलेन शपिरो या दांपत्याने हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक्स कमी झालेल्या एका रुग्ण स्त्रीचं उदाहरण मांडलं, तेव्हा कुठे चर्चा मनाच्या तळघरातून मेंदूकडे आली. आज डॉक्टर मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लिया नावाच्या भागाबद्दल बोलतात. हालचालींतल्या कुठल्या होऊ द्यायच्या, कुठल्या थोपवायच्या, हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो, आणि तिथली थोपवण्याची बाजू कमी पडते. बरंचसं आनुवंशिकही असतं. थोरल्या काकांचं ते सारखं खांदा उडवणं आठवतं? आपण सगळे त्यांची नक्कल करायचो.

निम्म्याहून जास्त टूरेटच्या मुलांना एडीएचडीही असतो. आपल्याकडेही थोडा आहे. त्याबाबत मात्र कार्डिफने चांगलं काम केलं आहे. २०१० मध्ये इथल्या विद्यापीठातल्या प्रा. अनिता थापर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या मुलांच्या गुणसूत्रांतले तुटलेले आणि दुप्पट झालेले दुर्मिळ तुकडे शोधून लॅन्सेटमध्ये छापले. हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, वळण लावण्यातली कसूर नव्हे, असं त्यांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं. "आईबाप दोघं नोकरीला, मग पोरं अशीच होणार," हे आत्याबाईंचं म्हणणं परत निघालं तर तुम्ही त्यांना हे सांगा. माझं त्या ऐकणार नाहीत.

तुम्ही विचारलं होतं, हा शिव्या देणार का? सिनेमांमुळे सगळ्यांना तेच वाटतं. तसं दहांत एखाद-दुसऱ्यालाच होतं. स्कॉटलंडच्या गॅलाशील्सचा जॉन डेव्हिडसन त्यांतला. १९८९ मध्ये बीबीसीने त्याच्यावर माहितीपट केला तेव्हा तो शाळकरी पोर होता. गावात त्याला मार खावा लागे, शाळा सुटली. पुढे त्याच गावात तो समाजकेंद्रात काम करत राहिला, इतर टूरेटवाल्यांसाठी झटला, २०१९ मध्ये त्याला एमबीई हा किताब मिळाला आणि २०२५ मध्ये त्याच्यावर "आय स्वेअर" नावाचा सिनेमा आला. आम्ही दोघं बघून आलो, धाकट्याला नेलं नाही. शिव्यांना लोक हसले, मीही हसले. पण घशाखाली उतरला नाही तो शाळेतला भाग. मास्तरांना हा मुद्दाम करतोय असं वाटतं, कारण कधी कधी थांबतो ना! पुन्हा तेच.

आमची शाळा आता बरी आहे. मध्यंतरी बदली आलेल्या एका शिक्षकांनी त्याला "अराव"बद्दल वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते मिटलं. वेल्समध्ये २०१८ चा वेगळा कायदा आहे. जादा मदत लागणाऱ्या मुलाचा लेखी आराखडा शाळेला करावा लागतो. आपल्याच्या आराखड्यात आहे की परीक्षेला वेगळी खोली, आणि न विचारता पाच मिनिटं वर्गाबाहेर जाण्याची मुभा. कागदावर क्षुल्लक दिसतं. पण बाहेर जाता येईल एवढं माहीत असलं की त्याला जायची गरज फारशी पडत नाही. २०१० चा समानतेचा कायदा सगळ्या ब्रिटनला आहे, त्यामुळे दुकानातून किंवा बसमधून कोणी हाकलू शकत नाही. लोक बघतात, ते कुठला कायदा थांबवणार? आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत एकवीस नावं आहेत, त्यांत टूरेट नाही. इथेही सगळं गोड नाही. तपासणीची रांग लांबलचक आहे, आणि या आजारासाठी वेल्समध्ये वेगळा तज्ज्ञ दवाखाना हवा म्हणून लोकांना इथल्या सेनेडपर्यंत, म्हणजे वेल्सच्या संसदेपर्यंत, अर्ज न्यावा लागला.

उपचार म्हणाल तर औषध सध्या नाही. क्लोनिडीन, अ‍ॅरिपिप्राझोल अशी औषधं आहेत, पण झोप आणि वजन वाढतं, आणि टिक्समुळे काही दुखत नसेल तर घाई नको असं डॉक्टरांचं मत आहे. मान फारच दुखायला लागली तर बघू. एक प्रशिक्षण मात्र चालू आहे. भरून येतंय हे ओळखायचं आणि झटक्याच्या उलट दिशेची एखादी छोटी, कोणाच्या लक्षात न येणारी हालचाल तेवढा वेळ धरायची. हनुवटी हलकेच खाली ओढून श्वास घ्यायचा, असं. २०१० मध्ये अमेरिकेत १२६ मुलांवर याची चाचणी झाली. निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना चांगला गुण आला, नुसतं समजावून-धीर देऊन पाचांत एकालाही आला नव्हता. तुम्हाला वाटेल, हेही दाबणंच. नाही. हे तो स्वतः निवडतो, निवडलेल्या वेळी, निवडलेल्या टिकसाठी. दुसऱ्याने "थांब" म्हटलं की ते शिकलेलं सगळं मोडतं.

आणि टिक्सबद्दल बोललं की टिक्स वाढतात, हे अगदी तपासून पाहिलेलं आहे. म्हणून फोनवर नको म्हटलं. तुम्ही आलात की काहीही करू नका, एवढंच मागणं आहे. मान उडाली तर वाक्य पुरं करा. "अराव" म्हणाला तर "काय रे?" विचारू नका, आणि कौतुकाने "आज किती शांत बसलास" असंही म्हणू नका. त्याला ते ऐकायला फार आवडतं, आणि त्यासाठी तो रात्रीपर्यंत किंमत मोजतो. पाढे खुशाल विचारा, सतराचा, एकोणतिसाचा, काय हवा तो. मान हलत असताना म्हणू दे. अथर्वशीर्षही तसंच म्हणेल. गणपतीला चालेल, तुम्हाला चालवून घ्यावं लागेल.

त्याला गाणगापूरला न्यायचं आई म्हणते, त्याबद्दल तिला तुम्ही सांगा, मला नीट सांगता येत नाही, लगेच दोघींचे डोळे भरतात. माझी दत्तावर श्रद्धा आहे आणि दर्शनाला मी त्याला आनंदाने नेईन. पण बाधा म्हणून नाही. तिथे आरतीला ओरडणारी, खांबांना लटकणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांच्या रांगेत त्याला उभं केलं तर आपल्या आत दुसरं कोणीतरी आहे असं हे पोर धरून बसेल. मीठ-मोहरीने दृष्ट काढली तर माझी हरकत नाही. त्यालाही मजा येते, फक्त स्मोक अलार्म बंद करून मग.

आता प्रवासाचं. हीथ्रोहून नॅशनल एक्स्प्रेसची बस थेट कार्डिफला सोफिया गार्डन्सपर्यंत येते. तिकिटं इथूनच काढते, तुम्ही कोणाला विचारत बसू नका. आईची रक्तदाबाची आणि तुमची साखरेची औषधं राहण्याच्या दिवसांपेक्षा महिनाभर जास्तीची आणा, चिठ्ठीसकट. वेल्समध्ये चिठ्ठीवरची औषधं २००७ पासून फुकट आहेत, पण ती इथल्या रहिवाशांना, पाहुण्यांना नाहीत. मे असला तरी पाऊस असतो. छत्री आणू नका, वाऱ्याने उलटते. टोपीवाला कोट मी इथे घेऊन ठेवला आहे. लोणचं डब्यात नको, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत आणा. मागच्या वेळी तुमच्या सगळ्या सदऱ्यांना वास लागला होता.

आईस सा. न. कळावे.

तुमची लेक