हात सुधारला, मन?

पक्षाघातानंतर बाबांचा उजवा हात आता कपाळापर्यंत जातो. फिजिओथेरपिस्ट खूश, आई खूश, बाबा नाहीत. पेपरची घडी मोडलेली नसते, दाढी वाढलीये, चहावर साय धरते. येणारा-जाणारा म्हणतो, "मन खंबीर ठेवा." (या वाक्याचा मला आता संताप येतो.) पक्षाघातातून वाचलेल्या साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य गाठतं. परावलंबी झाल्याचं दुःख असतंच, पण मेंदूला झालेली इजाही मनावर परिणाम करते. बाबांचं हे वागणं म्हणजे हट्टीपणा नव्हे. मन खचलं की व्यायाम सुटतो, सुधारणा रखडते. वाचा गेलेल्यांचं नैराश्य तर कळणार कसं? नैराश्यावर औषधं आहेत, समुपदेशन आहे. पुढच्या तपासणीला बीपी-शुगरच्या जोडीने झोप, भूक आणि रडू याबद्दलही डॉक्टरांना सांगा.