कॉमन रूमचा टीव्ही आणि आमचा ‘ट्यूबलाइट’

ज्याने दहावीपर्यंत मराठी फक्त आजीशी बोलण्यापुरती वापरली, अशा कॉन्व्हेंटवाल्याने मराठी विभागात लिहावं, हाच एक विनोद! ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं. विषय मात्र अस्सल हॉस्टेलचा आहे.

तर मंडळी, आपला कॉमन रूमचा टीव्ही आला तेव्हापासून ‘व्हिव्हिड’वरच होता. हे सेटिंग दुकानासाठी असतं. झगझगीत दिव्यांखाली, चाळीस टीव्हींच्या रांगेत आपलाच उठून दिसावा म्हणून रंग भडक, पांढरा निळसर. आपल्याकडे कुणी त्याला हात लावला नाही, कारण रिमोट मिळेपर्यंत मॅच संपलेली असते.

याचा फटका बसला सेकंड इयरच्या एका पोराला. लॅपटॉपवर फुटबॉलचा गेम खेळताना तो भल्याभल्यांना रडवायचा. पण कॉमन रूममध्ये त्याचा प्रत्येक पास उशिरा. आपल्या लोकांनी लगेच नाव ठेवलं, ‘ट्यूबलाइट’! गॅदरिंगच्या टीममधून त्याला काढलं. मग तो खाली यायचाच बंद झाला. जेवण झालं की थेट रूमवर.

मला शंका टीव्हीचीच होती. लॅपटॉपवर स्टॉपवॉच लावलं, तेच चित्र टीव्हीवर घेतलं आणि दोन्हीचा मिळून मोबाइलने फोटो काढला. टीव्ही शंभरहून जास्त मिलिसेकंद मागे! सेकंदाला ६० फ्रेम्सच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे पोरगं सहा फ्रेम जुनं चित्र बघून बटण दाबत होतं. आलेलं चित्र टीव्ही आधी घासूनपुसून साफ करतो, मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनाने बनवतो, मग दाखवतो. तेवढा वेळ जाणारच. सीनियर्सना त्रास का नाही? कारण दोन वर्षं याच टीव्हीवर खेळून त्यांचा अंगठा आधीच दाबायला शिकलाय!

‘गेम मोड’ लावला की ही घासाघीस बहुतेक बंद होते. फरक वीस-पंचवीस मिलिसेकंदांवर आला. पोराला ओढून खाली आणलं. पहिलीच मॅच ५-१. हरलेले सीनियर म्हणाले, “टीव्हीला काहीतरी झालंय.” असो! टीममध्ये तो परत आला, नाव काही गेलं नाही.

सिनेमाची गोष्ट उलटी. तिथे घाई नाही, पण दिग्दर्शकाने जे केलं ते दिसायला हवं. २०१८चा ‘तुंबाड’ आठवा. खऱ्या पावसाळ्यांत शूट केलेला, तो करडा ओला उजेड हाच त्याचा जीव. व्हिव्हिडवर तो वाडा फार्महाउससारखा दिसतो! शिवाय सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा. टीव्ही मधे स्वतःच्या फ्रेम्स घुसडतो आणि सगळं डेली सोपसारखं गुळगुळीत होतं. डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वेरी यांनी खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं. २०१९मध्ये तर ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. आपल्या टीव्हीत तो नाही, म्हणून ‘मूव्ही’ लावा, मोशनवालं सगळं बंद करा, शार्पनेस जवळजवळ शून्यावर (कडांना पांढऱ्या रेघा येतात त्या जातात) आणि कलर टेम्परेचर ‘वॉर्म’. पहिली पाच मिनिटं सगळे ओरडतील, “पिवळं झालं!” ओरडू दे. डोळ्यांना सवय झाली की व्हिव्हिडच निळा वाटायला लागतो.

ही दोन्ही सेटिंग्ज कागदावर लिहून मी टीव्हीशेजारी चिकटवली. रेक्टर सरांनी भिंत खराब झाली म्हणून विचारलं, पण कागद काढला नाही. मेसचे मामा मात्र क्रिकेट लागलं की न चुकता व्हिव्हिड करतात. त्यांना एकदा हे सगळं समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाळा, दिवसभर चुलीचा धूर बघतो. गवत तरी हिरवंगार दिसू दे की!”

मॅच संपेपर्यंत मी रिमोटला हात लावला नाही.