झोळीवाली

घडी करून पिशवीत कोंबली की ती मुठीत मावते. उलगडली की 12 मीटर लांब आणि अडीच मीटर उंच. अंगावर बारीक काळा धागा, 36 मिलिमीटरचे डोळे, आणि आडव्या दोऱ्यांवर मुद्दाम सैल सोडलेल्या चार झोळ्या. हिचं सगळं कसब त्या ढिलेपणात आहे. घट्ट ताणलीत तर वटवाघूळ आपटून परत उडून जाईल. सैल ठेवलीत तर घसरून झोळीत पडेल. ही मिस्ट नेट. जपानी पारध्यांनी पाखरं धरायला वापरलेली ही जाळी पुढे प्राणिशास्त्रज्ञांच्या हाती आली.

पनामात तिची खरी परीक्षा झाली. कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, 1914 पर्यंत दरी भरून गातून नावाचा तलाव झाला आणि टेकड्यांचे माथे त्यातली बेटं होऊन बसले. जंगल तुटल्यावर वटवाघळांचं काय होतं, हे पाहायला आयतीच जागा! एलिझाबेथ काल्को यांच्या हाताखाली उल्म विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या क्रिस्टोफ मायर यांनी बेटांवर आणि काठच्या सलग जंगलात अशाच जाळ्या लावल्या.

स्वभावाने ती लहरी आहे. पाऊस आला की गुंडाळून ठेवावी लागते, लख्ख चांदण्यात रिकामी राहते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री त्याच जागी लावली तर वटवाघळं तिला ओळखू लागतात. वाळकी पानंही ती तितक्याच आपुलकीने धरते. भुंग्याचे काटेरी पाय तिच्यातून सोडवताना संशोधनावरची श्रद्धा डळमळते, असं मला वाटतं. अंजिरं खाणारं जमैकन वटवाघूळ तर वाट पाहत बसत नाही. सरळ धागे कुरतडतं.

पण तिचा मोठा दोष वेगळाच. ती पक्षपाती आहे. हवेत किडे टिपणारी, जोरात साद घालणारी वटवाघळं तिला लांबूनच टाळतात, नाहीतर तिच्या वरून निघून जातात. तिला सापडतात ती बहुतेक झाडोऱ्यात हळू आवाजात फिरणारी, नाकावर पान असलेली. शिवाय बेटावरचं रान ठेंगणं असेल, तर एरवी शेंड्यावर उडणारी खाली येतात आणि ती फुशारकीने जास्त आकडा सांगते.

मग तिच्यावर विश्वास ठेवायचा कसा? तिचा पक्षपात सगळीकडे सारखा राहील असं बघून. तेवढेच मीटर, तेवढेच तास, बेटावरही आणि काठावरही. तसं केल्यावर जे दिसलं ते असं : दूरच्या बेटांवर जाती कमी होत्या, आणि सगळ्यात जास्त घटली होती ती पानांवरचे किडे, बेडूक टिपणारी मंडळी. वाळवीच्या जिवंत वारुळात स्वतःची खोली कोरून राहणारं लोफोस्टोमा त्यांतलंच. उघडं पाणी ओलांडणं त्यांच्या पंखांना परवडत नाही. फळं खाणारी मात्र बेटोबेट भटकत होती.

आता झाडांवर ध्वनिमुद्रक बसतात आणि तिला न सापडणाऱ्यांचे आवाज टिपतात. पण वजन किती, मादी दूध पाजते आहे का, पंखांवर परजीवी माश्या आहेत का, हे आवाजावरून कळत नाही. त्यासाठी संध्याकाळी अजून तिलाच खांबांवर चढवावं लागतं.